उष्णतामानाची कळ कोणाच्या हाती?



चैत्र संपत आला की शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत पारा चाळिसाच्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही आणि रात्री भिंती दिवसभराचे ऊन परत करीत राहतात. म्हणून हल्ली ज्याला थोडेफार परवडते तो घरात वातानुकूलन यंत्र घेण्याचा विचार करतो. दुकानदार त्याला विचारतो, "साधे देऊ की स्मार्ट?" स्मार्ट म्हणजे खोलीचे उष्णतामान आपणहून सांभाळणारे, मोबाईलवरून हुकूम घेणारे आणि तुमच्या सवयी ध्यानात ठेवणारे. या प्रश्नाचे उत्तर आम्ही दुकानात न शोधता इतिहासात शोधणार आहोत. इतिहास राजेरजवाड्यांनाच असतो असे नाही. तो भिंतीवरच्या एवढ्याशा डबीलाही असतो.

या डबीचे नाव थर्मोस्टॅट. मराठीत आपण तिला तापनियंत्रक म्हणू. तिचे काम दोन शब्दांत सांगता येईल: पाहणे आणि कळ फिरवणे. उष्णतामान ठरल्यापेक्षा वाढले की कमी झाले हे ती पाहते आणि त्याप्रमाणे यंत्र चालू किंवा बंद करते. ही डबी नव्हती तेव्हा हे काम होत नव्हते काय? होत होते, पण ते माणूस करीत होता.

दौंड तालुक्यात केडगावच्या बाजूला गुऱ्हाळे आहेत. तेथे काहिलीत रस आटत असता गुळव्या काय करतो, ते पाहा. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार, वास यांवर त्याचे लक्ष असते. मग तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का हे पाहतो. पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसला आला की हाक जाते, चुलवाणात चिपाडे घालणारा हात आवरतो आणि काहील उतरते. तापमापक नाही, वीज नाही. तापनियंत्रक मात्र आहे, आणि तो दोन पायांवर उभा आहे. दौंड जंक्शनवर कोळशाची इंजिने होती तेव्हा फायरमनही तेच करी. वाफेच्या दाबाचा काटा पाहायचा आणि फावड्याने कोळसा टाकायचा. भट्टीची धग मात्र त्याच्याच अंगावर येई.

शिरूरची गोष्ट याहून वेगळी आहे. घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती. १८१७ च्या ३१ डिसेंबरला कोरेगावच्या लढाईकडे गेलेली पलटण येथूनच निघाली. एकोणिसाव्या शतकातील अशा छावण्यांच्या बंगल्यांत छताला कापडी पंखा टांगलेला असे, आणि त्याची दोरी व्हरांड्यात बसलेला माणूस तासन् तास ओढीत असे. दाराच्या वाळ्याच्या ताट्यांवर दुसरा माणूस पाणी शिंपडी. आत गार झाले की नाही हे साहेब ठरवी. बाहेर दोरी ओढणाऱ्याला किती उकडते आहे, हे कोणी विचारीत नसे. त्याला डुलकी लागली तर शिव्या किंवा लाथ ठरलेली. येथे पाहणारा एक, राबणारा दुसरा, आणि गारवा फक्त पाहणाऱ्याचा. गुळव्या आणि पंखा ओढणारा यांच्यातील हा फरक ध्यानात ठेवावा. पुढची सगळी कथा त्याच फरकाची आहे.

यंत्राने उष्णता सांभाळण्याचा प्रयत्न सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने अंडी उबवण्याच्या पेटीसाठी केला होता. परंतु 'थर्मोस्टॅट' हे नाव रूढ केले ते अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने. १८३० साली त्याने या यंत्राचे पेटंट घेतले. युक्ती सोपी होती. दोन निराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. उष्णतेने एक जास्त वाढते, दुसरी कमी, म्हणून जोडपट्टी वाकते, आणि तिच्या वाकण्याने झडप उघडते किंवा मिटते. कापडाच्या गिरण्यांना उष्णतामान सारखे राहणे गरजेचे होते. त्या गरजेतून ही पट्टी आली.

यूरची दुसरी ओळखही सांगितली पाहिजे. पाच वर्षांनी, १८३५ मध्ये, त्याने कारखानदारीच्या तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिला. गिरणीत राबणारी मुले त्याला आनंदी दिसली, आणि माणसांच्या अनियमित सवयी मोडून त्यांना यंत्राच्या चालीवर आणणे ही कारखानदाराची मोठी कामगिरी वाटली. मार्क्सने 'कॅपिटल'मध्ये या गृहस्थाचा चांगलाच समाचार घेतला आहे. ज्याने उष्णतेला शिस्त लावली, त्यालाच मजुरालाही शिस्त लावायची होती. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यातून निघाल्या, हा योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन संस्थानातील व्हाईटवॉटर येथे वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. त्यांच्या विद्यालयात वर्ग किती गरम आहे हे पाहण्यासाठी शिपाई वर्गावर्गांत शिरे आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप फिरवी. शिकवण्यात व्यत्यय येई म्हणून जॉन्सन यांनी विजेचे उपकरण केले आणि १८८३ साली त्याचे पेटंट घेतले. त्या उपकरणाने काय साधले? तळघरात घंटा वाजे आणि शिपाई झडप फिरवी. म्हणजे पाहण्याचे काम यंत्राकडे गेले. फिरवण्याचे माणसाकडेच राहिले. दोनच वर्षांनी अल्बर्ट बुट्झ यांनी भट्टीची झडप आपोआप उघडणारी योजना केली, आणि माणूस मधून गेला.

वातानुकूलन यंत्राचा जन्मही असाच बोलका आहे. १९०२ साली ब्रुकलिनमधील एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमटपणाने कागद फुगे आणि एकावर एक छापायचे रंग सरकत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनियराने हवा गार व कोरडी करणारी यंत्रणा योजिली. कंपोझिटर घामाघूम होतो म्हणून नव्हे. कागद फुगतो म्हणून.

मुंबईच्या गिरण्यांत याच्या उलट प्रकार होता. सूत तुटू नये म्हणून विणकामाच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत, आणि आधीच उकडणाऱ्या खात्यात वाफ सोडीत. घाटावरून पोटासाठी गेलेली आमची माणसे त्या वाफेत पाळी भरीत. छापखान्यात कागदासाठी हवा कोरडी करायची, गिरणीत सुतासाठी ओली करायची. माल बोलत नाही, पण त्याची तक्रार लगेच ऐकू येते. माणूस बोलतो, आणि त्याला वर्षानुवर्षे थांबावे लागते. १९४८ च्या कारखाने कायद्यात तेराव्या कलमाने कामाच्या जागी मोकळी हवा आणि सुसह्य उष्णतामान राखण्याचे, आणि पंधराव्या कलमाने कृत्रिम दमटपणावर नियम करण्याचे ठरले. म्हणजे यूरच्या पट्टीनंतर ११८ वर्षांनी स्वतंत्र भारताच्या कायद्याने कामगाराच्या कातडीची दखल घेतली.

आता आपल्या दाराशी येऊ. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी, व्हर्लपूल आणि हायर यांचे कारखाने आहेत, आणि तेथे शीतकपाटे तयार होतात. प्रत्येक शीतकपाटात तापनियंत्रक असतो. म्हणजे शिरूरच्या कामगाराला ही वस्तू परकी नाही. ती त्याच्या हातांखालून जाते. तिकडे कुरकुंभला रसायनांच्या भट्ट्या आहेत. तेथे उष्णतामान हाताबाहेर जाणे म्हणजे जिवावरचे संकट. घरातल्या डबीने चूक केली तर झोपमोड होते. तेथे चूक झाली तर घर उघडे पडते.

घरासाठी आपल्या सरकारनेही एक आकडा घालून दिला आहे. १ जानेवारी २०२० पासून ताऱ्यांचे चिन्ह असलेली खोलीची वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येऊ लागली. एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा खात्याचे सांगणे होते. हा आकडा सक्तीचा नव्हता. कळ ग्राहकाच्या हातीच ठेवलेली होती.

स्मार्ट उपकरणाने नेमकी ही बाब बदलली. २०११ साली अमेरिकेत नेस्ट नावाचा तापनियंत्रक बाजारात आला. घरातले लोक केव्हा उठतात, केव्हा बाहेर जातात हे तो शिकून घेई. २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी ३२० कोटी डॉलरना घेतली. पुढे २५ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच पहिल्या पिढीच्या उपकरणांचा कंपनीशी असलेला दुवा बंद करण्यात आला. भिंतीवरची कळ फिरत राहिली, पण मोबाईलवरून हुकूम घेण्याचे काम संपले. वस्तू ग्राहकाने विकत घेतली होती, तिचे शहाणपण मात्र जणू भाड्याने होते.

त्याआधी, जून २०२१ मध्ये, टेक्सासमध्ये उकाड्याने विजेची मागणी वाढली, तेव्हा काही घरांचे तापनियंत्रक दुरून वर सरकवण्यात आले. लोक घामाघूम होऊन जागे झाले. बक्षिसाच्या आशेने त्यांनी एका योजनेत नाव घातले होते, आणि त्या संमतीतच हा अधिकार देऊन टाकला होता. टंचाईत सर्वांनी मिळून वीज वाचवावी, यात गैर काही नाही. संघटनेच्या माणसाला हे सांगायला नको. परंतु सामुदायिक निर्णय आणि अंगठा घेऊन केलेला निर्णय यांत फरक आहे.

तेव्हा निवड कशी करावी? आधी छताला पांढरा रंग, खिडकीला सावली आणि पंखा. कारण तापलेल्या छताखाली कोणतेही यंत्र धापा टाकते. यंत्र घेताना त्यावरचे तारे पाहावेत. १६ अंशांवर लावले म्हणजे खोली लवकर गार होते, हा समज बहुतेक यंत्रांच्या बाबतीत खोटा आहे. यंत्र फक्त जास्त वेळ चालते. २५-२६ अंश आणि जोडीला पंखा, एवढे पुष्कळ घरांना पुरते. वेगळा तापनियंत्रक बसवलात तर तो उन्हात, दिव्याजवळ किंवा शेगडीच्या भिंतीवर नको. तो स्वतःच तापला तर खोलीविषयी खोटी साक्ष देईल. आणि स्मार्ट घ्यायचेच असेल तर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. इंटरनेट बंद पडले तर हाताने चालेल काय? कंपनीने पाठ फिरवली तर काय उरेल? आम्ही केव्हा झोपतो आणि केव्हा घराबाहेर असतो, ही माहिती कोणाकडे जाईल? तिन्ही उत्तरे मनासारखी आली तर खुशाल घ्या. नाहीतर साधी कळ अधिक शहाणी समजा.

एक गोष्ट उरते. आमच्या माहितीतील एका कारखान्यात संगणकाची खोली बारा महिने गार असते, आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात माणसे चक्कर येऊन बसतात. तेथील गाऱ्हाणे एवढेच आहे, की यंत्राला जे मिळते ते आम्हांलाही मिळावे. आपण जी डबी रात्री सुखाने झोपण्यासाठी निवडणार, ती जोडणारा माणूस दिवसा कोणत्या हवेत उभा असतो, हेही विचारीत जा. घरची कळ आपल्या हाती ठेवायला जागरूक ग्राहक पुरतो. कारखान्यातली कळ हाती येण्यासाठी मात्र पुष्कळ हातांनी एकत्र यावे लागते, आणि त्या कामाला आमची कोणत्याही ऋतूत तयारी आहे.