ग्रंथ गेले, वाचनालये राहिली

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, ग्रंथवैभवाची गोष्ट निघाली की ती पाणचक्कीपासून सुरू होते आणि मौलवी अब्दुल हक यांच्यापर्यंत येऊन थांबते. शहागंजच्या चौकात मात्र ही गोष्ट अपुरी वाटते. 1720 च्या सुमाराची मशीद, तिला लगटून असलेली दुकाने, घड्याळाचा मनोरा आणि चमन असा हा भाग. एका अंगाला उर्दू वस्ती, दुसऱ्या अंगाला राजाबाजार आणि गुलमंडीकडचा मराठी वावर. शहरातले थोर ग्रंथसंग्रह या चौकापासून पायी गाठता येतील इतके जवळ होते, पण त्यांतला क्वचितच एखादा इथल्या माणसांच्या हाती टिकला. या शहरात पुस्तके कधीच कमी नव्हती. ती सांभाळायची कोणी आणि त्यांवर हक्क कोणाचा, हे मात्र प्रत्येक वेळी दरबाराने किंवा एखाद्या थोर व्यक्तीने ठरवले. त्यामुळे दरबार हलला किंवा ती व्यक्ती गेली की पुस्तकेही गेली.

शाहनवाज खानाचे उदाहरण घ्या. निजामाच्या दरबारातला हा मोठा सरदार निजामाचा मुलगा नासिरजंग याच्या बंडात सापडला, मर्जीतून उतरला आणि औरंगाबादेत घरी बसला. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने ‘मआसिर-उल-उमरा’ हा मुघल उमरावांचा चरित्रकोश लिहायला घेतला. मोगलाईच्या अभ्यासकाला आजही या ग्रंथावाचून पुढे जाता येत नाही. पुढे खान पुन्हा सत्तेवर आला, फ्रेंचांशी त्याचे बिनसले आणि 1758 मध्ये तो मारला गेला. त्याचे घर लुटले गेले, हस्तलिखिताची पाने पांगली. ती शोधून, जुळवून ग्रंथ उभा केला तो त्याचे मित्र गुलाम अली आझाद बिलग्रामी यांनी. हे आझाद म्हणजे सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या पाणचक्कीच्या तकियात, म्हणजे मठात, राहिलेले अरबी-फारसीचे पंडित. त्या तकियातही मोठा ग्रंथसंग्रह होता, आणि तोही कालांतराने विखुरला. एक ग्रंथ वाचला तो मैत्रीमुळे. तो जपण्याची जबाबदारी असलेली संस्था शहरात नव्हती.

विसाव्या शतकात हेच पुन्हा घडले, या वेळी जास्त मोठ्या प्रमाणावर. मौलवी अब्दुल हक 1912 मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचे सचिव झाले आणि संस्थेचे बिऱ्हाड त्यांच्याबरोबर औरंगाबादला आले. जवळजवळ पाव शतक उर्दूचे शब्दकोश, भाषांतरे आणि जुन्या दखनी हस्तलिखितांच्या आवृत्त्या यांचे केंद्र हे शहर होते. 1921 पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिकही इथूनच निघू लागले. तिसाच्या दशकाच्या अखेरीस अंजुमन दिल्लीला गेली. 1947 च्या दंगलीत तिथले कार्यालय लुटले गेले आणि मौलवीसाहेब कराचीला गेले. इतका मोठा उद्योग ज्या शहरात फुलला, त्या शहराच्या वाट्याला आठवणच जास्त उरली. यात मौलवींना दोष देणे अन्यायाचे होईल. संस्था अखिल भारतीय होती, शहागंजची ती कधीच नव्हती.

याच काळात मराठी वाचकांची लहान वाचनालये उभी राहिली. औरंगपुऱ्यातले बलवंत वाचनालय हे त्यांतले ठळक नाव. विद्वत्तेच्या तराजूत अंजुमनपुढे त्यांचे वजन काहीच नव्हते: दोन-चार कपाटे, वर्गणी, पुण्याहून येणारी वर्तमानपत्रे. पण निजामी राजवटीत त्यांना वेगळेच महत्त्व होते. गश्ती क्रमांक 53 या फर्मानाने जाहीर सभेला सरकारी परवानगी लागू लागली. शिवाय खासगी शाळांवर नजर होती आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. अशा राज्यात चार माणसांनी एका टेबलाभोवती बसून वृत्तपत्र वाचणे हीच सभा होती. 1938 मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे वृत्तपत्र सुरू केले. बंदी आली की ते पत्र नाव बदलून पुन्हा निघे. असे पत्र जिवंत राहते ते एक अंक अनेकांनी वाचला तर, आणि ती सोय वाचनालयात होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात सत्याग्रह आणि सीमेवरच्या छावण्या यांची नोंद सापडते. वाचनकक्षांकडे मात्र इतिहासकारांनी फार कंजूषपणे पाहिले आहे.

यावर रास्त आक्षेप असा की ही वाचनालये कोणाची होती? 1931 च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानातली साक्षरता पाच टक्क्यांच्या आसपास होती. त्यातले मराठी वाचणारे बहुतेक शहरी, उच्चवर्णीय पुरुष. वाचनालय लोकांचे होते असे म्हणताना ‘लोक’ फार थोडे होते, हे मान्यच करावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये इथे मिलिंद महाविद्यालय उभारले ते याच उणिवेला उत्तर म्हणून. आहे त्या कपाटांपाशी जागा मागत बसण्यापेक्षा त्यांनी ग्रंथालयासकट नवी संस्थाच काढली. भाषेची भिंतही होती. उर्दू वाचकाची पुस्तके एकीकडे, मराठी वाचकाची दुसरीकडे, आणि शहागंज मधल्या मध्ये. पण या आक्षेपाने मूळ मुद्दा कोसळत नाही. वर्गणीवर चालणारी संस्था संकुचित असली तरी सभासद वाढवून तिला रुंद करता येते. दरबारी संग्रहाबाबत सामान्य वाचकाच्या हाती तेवढाही उपाय नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. वर्गणीवर विसंबलेली वाचनालये दरिद्रीच राहणार, मग शासनाने भार उचलावा हेच बरे नाही का? महाराष्ट्राने 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात मधला मार्ग काढला. मद्रासच्या 1948 च्या कायद्यात ग्रंथालय कर होता, आपण तो घेतला नाही. लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान द्यायचे ठरवले. मला हा मार्ग तत्त्वतः योग्य वाटतो, कारण मालकी गावाकडेच राहते. अडचण अंमलबजावणीत आली. अनुदान तुटपुंजे, ग्रंथपालाचे मानधन लाज वाटावी इतके. त्यात कागदोपत्रीच चालणारी वाचनालये निघाली. 2012 च्या पडताळणीत ती उघडी पडली, आणि नव्या मान्यता व दर्जावाढ थांबल्या. खोट्या वाचनालयांची शिक्षा अशी खऱ्यांना मिळाली.

मोबाइलच्या काळात वाचनालय कशाला, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी सकाळी अभ्यासिकांबाहेरच्या चपला मोजाव्यात. ज्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसे आहेत, तिथल्या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला पुस्तकाइतकीच शांत खुर्ची आणि चालू पंखा हवा असतो. ही गरज आता खासगी अभ्यासिका महिन्याचे पैसे घेऊन भागवतात. जुन्या शहरात रीड अँड लीड फाउंडेशनने 2021 पासून मुलांसाठी मोहल्ला वाचनालये सुरू केली, ती या पार्श्वभूमीवर पाहायला हवीत. गल्लीतली जागा, थोडी पुस्तके, आणि सांभाळणारी मुलेही तिथलीच. वाचनालय मोहल्ल्याने पेलायचे, हे त्यामागचे तत्त्व बलवंतच्या पिढीला सहज ओळखू आले असते. फरक एवढाच की या वेळी सुरुवात उर्दू वस्तीतून झाली आहे. अशा वाचनालयांना कायद्याच्या चौकटीत घ्यायचे तर शासनाला आधी मान्यतांचे दार उघडे ठेवावे लागेल, आणि पडताळणी कपाटांची न करता वाचकांची करावी लागेल.