रिमोट डेस्कटॉप आणि फायरवॉलचा अडथळा

दूरच्या विंडोज संगणकाचा पडदा आपल्या संगणकावर उघडून देणारी रिमोट डेस्कटॉप जोडणी फायरवॉलमुळे अडणे, ही कार्यालयांतील नित्याची तक्रार. ही जोडणी मुळात ३३८९ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवरून होते. विंडोज ८ पासून त्याच क्रमांकाचे यूडीपी पोर्टही वापरात आले. विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये २००१ साली रिमोट डेस्कटॉपची सोय मिळाली. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजची फायरवॉल आपोआप चालू राहू लागली.

जोडणी फसली की विंडोज तीन शक्यता सांगते: दूरस्थ प्रवेश चालू केलेला नाही, पलीकडचा संगणक बंद आहे किंवा तो नेटवर्कवर सापडत नाही. यात फायरवॉलचे नावच नसते, आणि माणसे भलतीकडे शोधत बसतात. खरी खूण वेळेत असते. फायरवॉल सहसा आलेली मागणी उत्तर न देताच टाकून देते, त्यामुळे खिडकी बराच वेळ ताटकळते. नकार तत्काळ आला, तर बहुधा त्या पोर्टवर सेवाच चालू नसते किंवा पोर्टचा क्रमांक बदललेला असतो. पासवर्ड चुकल्याचा संदेश आला, तर मागणी पलीकडे पोचली आहे. फायरवॉलला दोष देण्याचे कारण उरत नाही. पिंगवर मात्र विसंबू नये. त्याचा नियम वेगळा असतो, म्हणून पिंग बंद असूनही जोडणी होऊ शकते आणि पिंग लागूनही पोर्ट अडलेले असू शकते.

तपासणी आतून बाहेर करावी. आधी पलीकडच्या संगणकावरच नेटस्टॅट चालवून ३३८९ वर सेवा ऐकते आहे का ते पाहावे. (विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून प्रवेश देण्याची सोयच नाही.) मग त्याच नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकाच्या पॉवरशेलमधून टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेने ते पोर्ट तपासावे. इथे अडले, तर दोष पलीकडच्या संगणकाच्या फायरवॉलमध्ये शोधावा. पुष्कळदा रिमोट डेस्कटॉपचा नियम फक्त खासगी नेटवर्कपुरता चालू असतो आणि नवा राउटर बसवल्यावर विंडोजने ते नेटवर्क सार्वजनिक ठरवलेले असते. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असू शकते, तीही पाहावी. रजिस्ट्रीत पोर्ट बदलले असेल, तर तयार नियम जुन्याच क्रमांकाला चिकटून राहतो. नव्यासाठी वेगळा नियम करावा लागतो. आतून लागते पण बाहेरून नाही, असे असेल तर राउटर किंवा इंटरनेट कंपनीकडे वळावे. अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिलेला असल्यास राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करूनही काही साधत नाही.

फायरवॉल सरसकट बंद करणे हा उपाय नव्हे. हवा तेवढाच नियम चालू करावा आणि शक्य तिथे तो ठरावीक पत्त्यांपुरता ठेवावा. ३३८९ थेट इंटरनेटवर उघडे टाकणे तर धोक्याचेच. मे २०१९ मध्ये उघड झालेली ब्लूकीप ही त्रुटी इतकी गंभीर होती, की मायक्रोसॉफ्टने आधार संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. पोर्टचा क्रमांक बदलल्याने फक्त आपोआप होणारी चाचपणी कमी होते, संरक्षण मिळत नाही. बाहेरून काम करायचे असेल तर व्हीपीएन वापरावे किंवा रिमोट डेस्कटॉप गेटवे. गेटवेची जोडणी ४४३ या नेहमीच्या सुरक्षित वेब पोर्टवरून जाते, आणि ते पोर्ट हॉटेलांच्या किंवा कार्यालयांच्या फायरवॉली सहसा अडवत नाहीत.