छाटलेला मेपल आणि शेंड्याचे वर्चस्व

जपानी मेपल जमिनीत मोकळा वाढू द्यायचा आणि बुंधा मनगटाएवढा झाला, की वीतभर उंचीवर करवतीने कापून टाकायचा! बोन्साय करण्याची ही रीत प्रथम ऐकली तेव्हा आम्हांला ती निर्दयपणाची वाटली. पण कापानंतर सालीखालचे सुप्त डोळे जागे होतात. मेपलची पाने समोरासमोर येतात, म्हणून डोळेही जोडीने असतात. योग्य जागेचा एक कोंब माळी नवा शेंडा म्हणून राखतो, काही वर्षे वाढवतो आणि पुन्हा छाटतो. दर छाटणीनंतरचा भाग खालच्यापेक्षा बारीक असल्याने बुंधा वर निमुळता होत जातो आणि दीड-दोन फुटांचे झाड जुन्या वृक्षासारखे दिसू लागते.

कुंडीतल्या खुज्या झाडांची कला जपानने चीनकडून घेतली. आठव्या शतकाच्या आरंभीच्या एका तांग राजपुत्राच्या थडग्यातील भित्तिचित्रात असे तबक नेणारा सेवक दिसतो. मेपल मात्र जपानचा जिव्हाळ्याचा. त्याचे 'काएदे' हे नाव 'बेडकाचा हात' या अर्थाच्या शब्दावरून आले. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग १७७५ मध्ये डच कंपनीचा डॉक्टर म्हणून तेथे गेला. १७८४ मध्ये त्याने दिलेल्या 'एसर पामेटम' या नावातही तळहातच आहे. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोचे काही माळी ओमिया येथे जाऊन राहिले. १९२५ पासूनच्या या वस्तीचा एक गमतीदार नियम होता : रहिवाशाकडे निदान दहा बोन्साय हवेत!

या माळ्यांना डोळे कधी फुटतात हे अनुभवाने ठाऊक होते. ते का फुटतात, याचा मागोवा १९३३ मध्ये थिमान आणि स्कूग यांनी घेतला. घेवड्याच्या जातीतल्या एका रोपाचा शेंडा त्यांनी कापला. बाजूचे डोळे वाढू लागले. कापावर ऑक्सिन हे संजीवक लावले तेव्हा ते दबून राहिले. 'शेंड्यातील ऑक्सिन बाजूच्या डोळ्यांना रोखते' हे वाक्य तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत आले आणि आम्हीही ते तसेच शिकवत आलो.

ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ऑक्सिन खोडातून तासाला जेमतेम एक सेंटीमीटर सरकते. उंच रोपाचा शेंडा कापला, तर तळाच्या डोळ्याला ते घटल्याचे कळायला बराच वेळ लागावा. २०१४ मध्ये वाटाण्यावर काम करणाऱ्या संशोधकांना दिसले, की तळाचे डोळे त्याआधीच वाढू लागतात. शेंडा हा साखरेचा मोठा गिऱ्हाईक. तो गेला की साखर झपाट्याने डोळ्यांपर्यंत पोहोचते आणि वाढीची पहिली चालना तीच देते. ऑक्सिनचा प्रभाव नंतरच्या वाढीवर पडतो.

वर्गात मेपल मिळणार नाही, पण वाटाणा मिळेल. सारख्या उंचीची सहा रोपे घ्यावीत, तिघांचे शेंडे खुडावेत आणि प्रत्येक पेरावरचा कोंब रोज पट्टीने मोजून वहीत नोंदवावा. सर्वांत खालचा कोंब किती दिवसांनी हलला, हे मुलांनाच शोधू द्यावे.