नवशिक्याचे पहिले वाक्य : नेपाळी व मराठी संभाषणपाठांचा इतिहास

भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांना वाङ्मयेतिहासात सहसा स्थान मिळत नाही. व्याकरणे आणि कोश यांची नोंद होते. परंतु परक्या माणसाला पहिल्या दिवशी कोणते वाक्य उच्चारायला शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर देणारे संभाषणपाठ उपयुक्त लेखनाच्या अडगळीत जातात. वास्तविक असा प्रत्येक पाठ दोन गोष्टी आधीच ठरवत असतो : शिकणारा कोण, आणि त्याने कोणाशी बोलायचे. या अर्थाने संभाषणपाठ ही एक सामाजिक संहिता असते. नेपाळी आणि मराठी या दोन भाषांमधील अशा पाठांचा इतिहास शेजारी ठेवला, आणि त्याकडे देवणीसारख्या सीमेवरील गावातून पाहिले, तर त्या संहितेने कोणाला शिकणारा मानले आणि कोणाला वगळले, हे स्पष्ट होते.

दोन्ही भाषांच्या छापील अध्यापनाचा उगम एकाच वर्तुळात आहे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले गेले. परिचित विषयांवरील संभाषणे सोबत जोडली असल्याचे त्याच्या शीर्षकातच नमूद होते. १८०१ च्या आपल्या बंगाली ‘कथोपकथन’मध्ये कॅरीने सामान्य स्त्रीपुरुषांच्या बोलण्याला जागा दिली होती, मराठी पुस्तकामागेही तीच दृष्टी होती. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धाच्या काळातच कंपनीने गुरखा पलटणी उभारल्या आणि १८२० साली कलकत्त्यात एटनचे नेपाळी व्याकरण प्रसिद्ध झाले. फोर्ट विल्यम कॉलेजातील अध्यापनाची गरज हा या दोन्ही उद्योगांना जोडणारा धागा होता. शिकणारा म्हणजे कंपनीचा तरुण अधिकारी, हे तेथे गृहीतच होते.

नेपाळीच्या बाबतीत हे गृहीतक अधिक काळ टिकले. या भाषेला खसकुरा, पर्बते अशी नावे असताना लष्करात ‘गुरखाली’ हे नाव रूढ झाले, आणि पलटणीत ती रोमन लिपीतून शिकवली गेली. भाषेचे नाव सैनिकावरून आणि लिपी अधिकाऱ्याच्या सोयीवरून ठरली. तथापि याच परिसरातून उत्कृष्ट विद्वत्ताही निर्माण झाली. पहिल्या महायुद्धात गुरखा पलटणीत काम केलेल्या राल्फ टर्नर यांचा नेपाळीचा तौलनिक व व्युत्पत्तिकोश १९३१ साली प्रसिद्ध झाला. झ्यूल ब्लोक यांच्या मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथाप्रमाणेच हा कोशही भारतीय आर्यभाषांच्या ऐतिहासिक अभ्यासाचा आधारस्तंभ ठरला. म्हणजे सत्तेची गरज आणि ज्ञानाची निष्ठा यांची येथे सरळ वाटणी करता येत नाही.

सत्तेचा ठसा स्पष्ट दिसतो तो आदरार्थी रूपांच्या निवडीत. नेपाळीत तँ, तिमी, तपाईं आणि हजुर अशी चढती श्रेणी आहे. ‘ये’ हीच आज्ञा आइज, आऊ, आउनुहोस् अशी बदलत जाते. मराठीतही तू, तुम्ही, आपण हा भेद आहेच. व्याकरणकार या रूपांचा तक्ता देऊन मोकळा होतो. संभाषणपाठाला मात्र त्यांतील एक रूप पहिल्या पानावर निवडावे लागते. हाताखालच्या माणसाला हुकूम देण्यासाठी भाषा शिकणाऱ्याला तिमी पुरते. पाहुणा म्हणून शिकणाऱ्याला तपाईं लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्कराने भाषाशिक्षणाची पद्धत बदलली. व्याकरणाचे नियम पाठ करण्याऐवजी भाषकाचे वाक्य ऐकणे, त्याचे अनुकरण करणे आणि वाक्यरचनेचा साचा घोटणे यांवर भर आला. १९५८ च्या अमेरिकन कायद्याने परभाषांच्या अध्यापनाला सरकारी निधी मिळाला. १९६२ साली पीस कोअरचे स्वयंसेवक नेपाळमध्ये आले. पुढच्याच वर्षी क्लार्क यांचा नेपाळीचा प्राथमिक अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला. शिकणारा आता शाळेत, शेतावर, खेड्यात राहणार होता.

मराठीत या वळणाची सर्वांत अर्थपूर्ण परिणती फलटणला झाली. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांवर संशोधन केले होते. जाई निंबकर या इंग्रजीतून लिहिणाऱ्या कादंबरीकार. या दोघींचा मराठीचा सघन अभ्यासक्रम १९८२ साली प्रसिद्ध झाला. भाषा एकसंध नसते हे जाणणारी भाषावैज्ञानिक आणि संवाद लिहिण्याची सवय असलेली लेखिका यांचा हा संयोग आकस्मिक मानता येणार नाही. कारण संभाषणपाठ लिहिणे हे अंशतः कथनात्म लेखनच असते. तरीही नवशिक्यापुढे एक प्रमाणरूप ठेवणे कोणत्याही अभ्यासक्रमाला टाळता येत नाही. ‘काय करतो आहेस’ हे शिकलेला परदेशी विद्यार्थी लातूर भागात उतरला की त्याच्या कानी ‘काय करलालास’ पडते, आणि त्याचा पहिला पाठ पुन्हा सुरू होतो.

देवणीचे महत्त्व येथे आहे. हे गाव पूर्वीच्या उदगीर तालुक्यातले, बीदर जिल्ह्याच्या सीमेलगतचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होते. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू यांचा सहवास येथे जुना आहे. निजामी राजवटीत उर्दू ही कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा असल्याने मराठी मूल आपल्याच गावात परभाषेचे नवशिके होत असे. दुसरीकडे बाजाराची शाळा होती. देवणी जातीच्या बैलाची पारख करणाऱ्याला वानेरा, बालंक्या, शेवरा हे शब्द आणि भावाचे आकडे आधी लागतात. क्रियापदांची रूपे मागाहून येतात. अशा शिक्षणात पुस्तक नसते, पण क्रम असतो : गाव विचारणे, वस्तूचे नाव, संख्या, नकार, आणि मग सौदा. पुस्तकी पद्धतीला दीडशे वर्षांनी जे उमगले, ते बाजारात आधीपासूनच चालत आले होते.

यातून एक विषमता स्पष्ट होते. ज्यांना भाषा शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्यांच्यासाठी पुस्तके लिहिली गेली नाहीत. ज्यांच्यासाठी लिहिली गेली, त्यांना दुभाषी मिळू शकत होते. महाराष्ट्रातील शहरांत रात्रपाळीला उभा राहणारा नेपाळी माणूस हिंदी-मराठी ऐकूनच शिकला. मराठीने मात्र त्याच्या भाषेतून फारसे काही घेतले नाही; ‘गुरखा’ हे त्याचे नाव घेतले आणि त्याचा अर्थ पहारेकरी असा करून टाकला. १९९२ साली नेपाळीचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत कोकणीबरोबरच समावेश झाला. तेव्हा भारतीय भाषाभ्यासात तिला केवळ ‘परकी’ म्हणणेही पुरेसे नाही.

मराठी भाषकासाठी नेपाळीचा प्रारंभिक पाठ रचायचा झाल्यास लिपीचा अडसर नाही. नेपाळी ‘च’ पुष्कळसा ‘चाकू’तील च सारखा उच्चारला जातो, तोही जिभेला नवा नाही. अडचण निराळीच आहे. मराठी ‘आहे’ जे काम एकट्याने करते ते नेपाळीत ‘हो’ आणि ‘छ’ वाटून घेतात. ‘मी भात खाल्ला’ यात क्रियापद भाताप्रमाणे चालते. ‘मैले भात खाएँ’ यात कर्त्याला ‘ले’ लागूनही क्रियापद कर्त्याशीच जुळते. इंग्रजीतून लिहिलेल्या पाठांना या फरकांचे मराठी रूप दिसण्याचे कारण नव्हते. मात्र त्याआधीचा प्रश्न संबोधनाचा आहे. ‘तपाईंको घर कहाँ हो?’ या वाक्याने असा पाठ सुरू झाला, तर पहारेकरी प्रथमच यजमान होतो आणि शिकणारा पाहुणा. देवणीच्या बाजारात अनोळखी माणसाशी बोलणे ‘गाव कोणतं तुमचं?’ असेच सुरू होते.