हप्तेबंदी की तडजोड? करवीरच्या कर्जकथेचा मागोवा

कर्ज आवाक्याबाहेर गेले की गृहस्थापुढे दोन वाटा उरतात. धनकोकडून मुदत मागून सर्व रक्कम हप्त्यांनी फेडणे ही एक. काही रक्कम एकदम भरून उरलेली सोडवून घेणे ही दुसरी. पहिली हप्तेबंदी, दुसरी तडजोड. आज पतसंस्थांच्या व बँकांच्या दारात हे शब्द रोज कानी पडतात. या दोन्ही वाटांना आपल्या भागात दीर्घ इतिहास आहे आणि तो आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

पूर्वी दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, असे हिंदू धर्मशास्त्र सांगे. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र ऋणको हिंदू असेल तरच हा नियम लावला. इलाख्यातील ख्रिस्ती ऋणकोला त्याचा आधार नव्हता.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी सावकारांविरुद्ध दंगा उसळला. लोकांचा रोख विशेषतः खते-रोखे व वह्यांवर होता, कारण निरक्षर कुळाला आपल्या अंगठ्यावर काय लिहिले आहे हेच ठाऊक नसे. पुढे 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर आणि कोल्हापूरच्या शेजारचा सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. केवळ रोख्यावर विसंबून न राहता न्यायाधीशाने मुळापासून हिशेब तपासावा, असे या कायद्याने ठरविले. येणे रकमेचे हप्ते पाडण्याची मुभा त्याने दिली, सलोखा घडविणारे मध्यस्थ नेमण्याची सोय केली आणि कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद बंद केली. हप्तेबंदी आणि तडजोड दोन्ही एकाच कायद्यात आल्या. पण दोहोंच्या आधी हिशेबाची तपासणी होती.

या कायद्याची दुसरी बाजूही आहे. सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्यास आरंभ केला, आणि जमीन परत देण्याचे वचन तोंडीच राहू लागले. अशा व्यवहाराचे खरे स्वरूप न्यायालयाने पाहावे म्हणून 1907 साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. जुने कर्ज हलके झाले तरी नवे कर्ज रास्त दराने मिळाले नाही, तर माणूस त्याच उंबरठ्यावर पुन्हा जातो.

कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत याच उणिवेवर उत्तर शोधले गेले. जर्मनीत रायफायझन यांनी रुजविलेली सहकारी पतपेढीची कल्पना 1904 च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात आली होती. कोल्हापुरात 1913 साली अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी उभी राहिली. 1938 साली जिल्हा मध्यवर्ती बँक आली. मुंबई इलाख्यात 1939 च्या आणि मग 1947 च्या कर्जनिवारण कायद्याने ऋणकोची ऐपत पाहून रक्कम कमी करावी व उरलेलीचे हप्ते पाडावेत, असा दोन्ही वाटांचा मेळ घातला.

2008 च्या केंद्रीय कर्जमाफीने कोल्हापूरला वेगळा धडा दिला. कर्जमर्यादेपेक्षा अधिक दिलेली कर्जे माफीस अपात्र ठरवून जिल्ह्यातील सुमारे 112 कोटी रुपयांची माफी नामंजूर झाली आणि वाद न्यायालयात गेला. माफी मिळाली असे मानून बसलेल्या घरांवर पुन्हा कर्ज उभे राहिले. पुढे राज्याच्या 2017 च्या योजनेत दीड लाखावरील थकबाकीदाराने वरची रक्कम भरल्यास दीड लाखाची माफी होती, आणि 2019 च्या योजनेत नियमित फेड करणाऱ्यांस 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवले गेले.

यातून आजच्या कुटुंबाने काय घ्यावे? मिळकत चालू असेल आणि केवळ हप्ता जड झाला असेल, तर मुदत वाढवून घ्यावी. व्याज अधिक जाते, पण पत राहते. आजार, मृत्यू वा धंदा बुडाल्यामुळे मिळकतच तुटली असेल, तर तडजोड करण्यात कमीपणा नाही. मात्र पतमाहितीच्या नोंदीत ‘सेटल्ड’ हा शेरा अनेक वर्षे राहतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या आदेशानुसार, शेतीकर्ज वगळता, तडजोड केलेल्या ऋणकोस तीच संस्था किमान 12 महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. म्हणून कोणत्याही वाटेने जाण्यापूर्वी खातेउतारा मागवावा. मुद्दल, व्याज व दंड वेगळे करून पाहावेत. ठरलेले सर्व लेखी घ्यावे, जामीनदार मोकळा झाल्याचे त्यात नमूद करावे आणि बेबाकीचा दाखला जपून ठेवावा. तोंडी वचनावर जमीन गेलेल्यांची पिढी फार दूरची नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील त्या चाकराने धन्याकडे मुदत मागितली होती. धन्याने त्याला माफी दिली. बाहेर पडताच त्याने आपल्या सोबत्याच्या थोड्याशा देण्यासाठी गळा धरला. आपल्या पतसंस्थांच्या संचालक मंडळांवर बसणाऱ्यांनी आणि शेजाऱ्याला उसने देणाऱ्यांनीही हा इतिहास वाचावा, तो याचसाठी.