यहुदी आणि ख्रिस्ती: आपल्याच मराठी मुलखातल्या दोन अहले किताब समाजांची ओळख

तुमसरच्या एका वाचकाने आम्हाला मुलाच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मुलगा आठवीत. शाळेत 'जगातील प्रमुख धर्म' असा प्रकल्प दिलेला. यहुदी धर्माच्या रकान्यात पोराने लिहिलं होतं, 'यहुदी म्हणजे इस्राएल देशाचे लोक. ते मुसलमानांचे दुश्मन आहेत.' ख्रिस्ती धर्माच्या रकान्यात एकच ओळ होती, 'हा इंग्रजांचा धर्म आहे.' वडिलांनी खाली विचारलं होतं, 'मी याला काय सांगू? मला स्वतःलाच नीट माहीत नाही.'

हा प्रश्न एकट्या त्या वडिलांचा नाही. आपल्या घरात हजरत मूसा (अलै.) आणि हजरत ईसा (अलै.) यांचे किस्से लहानपणापासून ऐकवले जातात. पण त्यांना मानणारे लोक आज कसे राहतात, काय खातात, काय मानतात, हे विचारलं की आपण टीव्हीवरच्या बातम्यांकडे बोट दाखवतो. म्हणून त्या वहीतली दोन्ही वाक्यं समोर ठेवूनच ही माहिती देत आहोत.

पहिलं वाक्य आधी. यहुदी म्हणजे इस्राएल देश, हे समीकरणच चुकीचं आहे. यहुदी धर्म सुमारे तीन हजार वर्षांहून जुना आहे. यहुद्यांचा स्वतंत्र देश असावा ही झायोनिझमची राजकीय चळवळ संघटित झाली ती 19 व्या शतकाच्या शेवटी. तिची पहिली परिषद 1897 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात भरली. इस्राएल हे राज्य 1948 चं. जगात दीड कोटीच्या आसपास यहुदी आहेत आणि त्यातले निम्म्याहून अधिक इस्राएलच्या बाहेर राहतात, मुख्यतः अमेरिकेत. उलट इस्राएलच्या नागरिकांमध्ये सुमारे पाचवा हिस्सा अरबांचा आहे आणि त्यातले बहुतेक मुसलमान आहेत. फिलिस्तीनवर होणाऱ्या जुलमाबद्दल बोलायचं तर जरूर बोलावं, आम्हीही बोलतो. पण एका सरकारच्या करणीचा हिशेब एका धर्माच्या नावावर मांडायचा नसतो. आपल्या बाबतीत कुणी तसं केलं की आपल्याला किती लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता यहुदी मानतात काय ते बघू. अल्लाह एक आहे, त्याचा कुणी भागीदार नाही, त्याची मूर्ती करायची नाही. ही त्यांच्या श्रद्धेची पायाभरणी. त्यांचा मुख्य ग्रंथ तोरा, ज्याला आपण तौरात म्हणतो. त्यात मूसांच्या नावाने ओळखली जाणारी पाच पुस्तकं येतात. नबींची पुस्तकं, दाऊदांच्या नावे असलेली स्तोत्रं वगैरे धरून त्यांचा संपूर्ण ग्रंथ होतो. त्यावरच्या शेकडो वर्षांच्या चर्चा तालमुद या मोठ्या संग्रहात आहेत. आपल्याकडे कुरआन, हदीस आणि फिकह यांचं जे नातं आहे, त्याची काहीशी आठवण यावी अशी ही रचना. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र होईपर्यंत सब्बाथ असतो, त्या वेळात काम बंद. मुलाची खतना आठव्या दिवशी करतात. डुक्कर हराम, रक्त हराम. पण त्यांचे नियम काही ठिकाणी आपल्यापेक्षाही कडक आहेत. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, उंटाचं मांस चालत नाही, आणि पर व खवले असलेले मासेच खातात. म्हणजे झिंगा नाही, खेकडा नाही.

माशांची ही गोष्ट लक्षात ठेवा, ती आपल्या कोकणात पुन्हा भेटणार आहे.

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच वाचले. ते नेमकं कधी घडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. एवढं मात्र खरं की शेकडो वर्षं हे लोक कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवत राहिले, मराठी बोलत राहिले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत राहिले. त्यामुळे गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. गावाच्या नावावरून आडनावं पडली ती अशी: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर, झिराडकर, नवगावकर. कोकणी मुसलमानांची आडनावं ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. 'बूट पॉलिश' सिनेमातले जॉन चाचा आठवतात? ते काम करणारे डेव्हिड याच समाजातले, पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

समाजात सांगतात की डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी विद्वान कोकणात आला. हे लोक खरंच यहुदी आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे सगळ्या जातीचे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढेच निवडून घेतले. हिब्रू भाषा विसरली होती, पुस्तकं उरली नव्हती, तरी खतना, शनिवार आणि माशांचा नियम टिकला होता. रहाबीने मग काही घराण्यांतल्या लोकांना धर्मशिक्षण दिलं आणि त्यांच्याकडे समाजाची जबाबदारी सोपवली. या लोकांना पदवी कोणती मिळाली? 'काझी'.

आम्हाला स्वतःला हे वाचताना सगळ्यात जास्त गंमत वाटली ती शब्दांची. बेने इस्राएल लोक उपवासाला 'रोजा' म्हणत. जेरुसलेमचं इबादतगाह उद्ध्वस्त झालं त्या दुःखाच्या दिवशी त्यांच्याकडे 'बिरड्याचा रोजा' असतो, कारण त्या दिवशी बिरडं खाऊन रोजा सोडायचा. आणि त्यांच्या एलुल महिन्यातल्या उपवासांना जुन्या लोकांनी नाव दिलं होतं 'रमजान'. नवस फेडायचा, लग्नकार्य असलं, की पोहे, गूळ, खोबरं आणि फळं यांचा 'मलिदा' होतो आणि एलियाहू हनाबी यांचं नाव घेतलं जातं. हनाबी म्हणजे 'तो नबी'. आपण ज्यांना हजरत इलियास (अलै.) म्हणतो तेच हे. आपल्याकडचा फातिहाचा मलिदा चपातीचा असतो, त्यांचा पोह्यांचा. मटणाच्या रश्शात ते नारळाचं दूध घालतात, दही नाही. मांस आणि दुधाचा नियम असा कोकणातल्या नारळाने सोडवला.

प्रार्थनेच्या जागेला हिब्रूत जे म्हणायचं ते म्हणोत, कोकण-मुंबईतले बेने इस्राएल तिला 'मशीद'च म्हणायचे. मुंबईतली त्यांची पहिली मशीद, शआर हारहमीम, 1796 साली मांडवी भागात बांधली गेली. बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी, कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतान यांच्या कैदेत पडले होते. समाजात अशी आठवण सांगतात की, कैदी 'बनी इस्राईल' आहेत हे कळल्यावर टिपूंच्या आईने त्यांच्या जिवासाठी रदबदली केली. कुरआनात ज्यांचं नाव इतक्या वेळा येतं ते लोक तिने प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. हा प्रसंग कागदोपत्री सिद्ध करता येईलच असं नाही. पण एक यहुदी समाज आपल्या पहिल्या इबादतगाहाची कहाणी सांगताना एका मुसलमान आईचं नाव घेतो, ही गोष्ट खरी आहे. त्या परिसरातल्या लोकल स्टेशनचं 'मशीद' हे नावही या यहुदी मशिदीवरून पडलं, असं बरेच जण सांगतात.

1948 नंतर यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथेही सगळं सुखाचं नव्हतं. हे भारतातून आलेले लोक पक्के यहुदी आहेत का, अशी शंका तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या बाबतीत काढली आणि मराठी बोलणाऱ्या या लोकांना धरणं धरावं लागलं. 1964 मध्ये कुठे तो वाद मिटला. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं. भारतात यहुदी उरले ते पाच हजारांच्या आत, त्यातले निम्म्याच्या आसपास महाराष्ट्रात. 2016 साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. मुंबईत भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगशेजारी जेकब ससून शाळा आहे. यहुदी मुलांसाठी काढलेल्या त्या शाळेत आज बहुतेक विद्यार्थी मुसलमान आहेत. आणि 2008 च्या 26 नोव्हेंबरला ज्यांनी मुंबईत रक्तपात केला, नरीमन हाउसमधल्या यहुद्यांनाही मारलं, त्या हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमानांनी साफ नकार दिला होता.

तेव्हा 'दुश्मन' हा शब्द त्या वहीतून खोडायला हरकत नाही.

दुसरं वाक्य, 'इंग्रजांचा धर्म'. हजरत ईसांचा जन्म बैतलहमचा, भाषा आरामी, मुलूख फिलिस्तीन. तिथे आजही अरब ख्रिस्ती आहेत आणि ते प्रार्थनेत 'अल्लाह' हाच शब्द वापरतात. इंग्रजांच्या पूर्वजांपर्यंत हा धर्म पोहोचण्याआधी तो हबशामध्ये पक्का रुजला होता. मक्केतून पहिली हिजरत झाली ती त्याच ख्रिस्ती देशात. राजा नज्जाशीच्या दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरियमच्या आयती ऐकवल्या, हा प्रसंग आपल्या मुलांना माहीत असतो, तो राजा ख्रिस्ती होता, हे मात्र सांगायचं राहून जातं.

ख्रिस्ती लोकांचा बायबल दोन भागांचा. जुना करार म्हणजे मुख्यतः यहुद्यांचेच ग्रंथ. नव्या करारात 27 पुस्तकं, त्यात पहिली चार शुभवर्तमानं. इथे एक घोटाळा नेहमी होतो. आपण मानतो की इंजील ही ईसांवर उतरलेली किताब. ख्रिस्ती लोक तसं म्हणत नाहीत. त्यांच्या मते मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी देवाच्या प्रेरणेने येशूचं चरित्र लिहिलं. म्हणून 'तुमची इंजील आणा' अशा वादाला सुरुवात केली की दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत बसतात. मोठे फरक लपवायचं कारण नाही. ते येशूला देवाचा पुत्र मानतात, पिता-पुत्र-पवित्र आत्मा असं त्रैक्य मानतात, क्रुसावर मरण आणि तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान मानतात. आपण हे मानत नाही. मात्र मरियमचं पावित्र्य आणि बापाविना झालेला जन्म दोघंही मानतात. पंथही बरेच. कॅथलिकांचा बायबल 73 पुस्तकांचा, प्रोटेस्टंटांचा 66 चा.

मराठीशी या धर्माचं नातं चारशे वर्षांचं आहे. मूळ इंग्रज असलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये. पुढे 1842 मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू झाला, 1857 मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली, जिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. आपल्या विदर्भात स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले. त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या भंडाऱ्याच्या कितीतरी पोरांनी पाहिलं आहे.

आणि तुमसरकरांसाठी खास एक गोष्ट. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्या काळी नागपूरहून राजनांदगावला चालले होते. वाटेत हीच आपली लाइन, भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया. डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याशी गप्पा झाल्या, संस्कृत काव्यावर बोलणं झालं, आणि उतरताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. टिळक ब्राह्मण पंडित, वैदिक ग्रंथांवर काम केलेले. त्यांनी तो वाचला आणि फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. घर मोडलं आणि मग हळूहळू पुन्हा जुळलं. ही सगळी हकिकत त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिली आहे. ते पुस्तक आपल्या घरातल्या बायकांनी जरूर वाचावं. धर्म बदलला की माणसाच्या चुलीपर्यंत काय काय हलतं, ते इतकं मोकळेपणाने मराठीत फार कमी लोकांनी सांगितलं आहे.

जाता जाता दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. अहले किताबच्या हातचं जेवण आणि निकाह याबद्दल सूरह माइदाच्या पाचव्या आयतीत हुकूम आहे. त्याचा तपशील आपल्या इमाम साहेबांना विचारावा, व्हॉट्सअ‍ॅपला नाही. शेजारच्या ख्रिस्ती घरी गुड फ्रायडेला 'हॅपी' म्हणू नका, तो त्यांच्या शोकाचा दिवस आहे. मोहरमच्या दहा तारखेला कुणी आपल्याला 'हॅपी मोहरम' म्हणतं तेव्हा कसं वाटतं ते आठवा. शुभेच्छा ईस्टरला द्याव्यात. चर्चमध्ये गेलात तर पुरुषांनी टोपी काढायची असते. सिनेगॉगमध्ये उलट, डोकं झाकावंच लागतं, आणि त्यासाठी आपली नमाजची टोपी चालते.