दिसणें आणि पाहणें

शिर्डीच्या जुन्या मशिदीस साईबाबा द्वारकामाई म्हणत. १९१८ सालीं विजयादशमीस त्यांनीं देह ठेवीपर्यंत तेथें येणाऱ्यांपैकीं कोणास एक फकीर दिसे, कोणास आपलें दैवत. वस्तु एकच, हा भेद डोळ्यांचा नव्हे, मनाचा.

पाहण्याच्या क्रियेंत मन कोठें शिरतें, याचा बौद्ध भिक्षूंनीं पूर्वींच कसून विचार केला आहे. बुद्धघोषाचार्यांनीं पांचव्या शतकांत सिंहलद्वीपांत रचलेला ‘विसुद्धिमग्ग’ हा त्या साधनेचा प्रमाणग्रंथ होय. गोव्यांतील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ सालीं त्याच बेटावर जाऊन पाली शिकले, पुढें पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं ती शिकविली आणि १९४० सालीं या ग्रंथाची देवनागरी आवृत्ति मुंबईस प्रसिद्ध झाली, ती त्यांच्याच परिश्रमानें.

ग्रंथांत सांगितलेली एक रीत अगदीं साधी आहे. तांबूस मातीचें सुपाएवढें मंडल करून साधकानें त्याकडे पाहावें व मग डोळे मिटावे. अभ्यासानें तें मिटल्या डोळ्यांसही तितकेंच स्पष्ट दिसूं लागतें. पुढें मातीचे दोष गळून निर्मळ प्रतिमा तेवढी उरते. माती होती तशीच असते.

महातिस्स स्थविराची कथा याहून विलक्षण आहे. अनुराधपुरास भिक्षेसाठीं जातांना त्यास एक नटलेली स्त्री भेटली. नवऱ्याशीं भांडून ती आप्तांकडे निघाली होती. ती हंसली; स्थविराची दृष्टि तिच्या दांतांवर गेली आणि नित्याच्या अस्थिचिंतनामुळें त्यास हाडेंच दिसलीं. मागून नवरा विचारीत आला, तेव्हां स्त्री कीं पुरुष तें ठाऊक नाहीं, एक सांगाडा मात्र या वाटेनें गेला, असें त्यानें सांगितलें.

गृहस्थास येथें शंका येते: असा अभ्यास माणुसकीच आटवील, तर तो काय कामाचा? तिचें उत्तर याच ग्रंथाच्या मैत्रीभावनेच्या प्रकरणांत सांपडतें. साधकानें प्रथम स्वतःचें, मग प्रियजनांचें, मग तिऱ्हाइताचें आणि शेवटीं वैऱ्याचें हित चिंतावें. वैऱ्यापाशीं मन अडलें, तर त्यानें स्वतःस विचारावें: राग नेमका कशावर, त्याच्या केसांवर कीं नखांवर? ज्या पृथक्करणानें स्त्रीचा सांगाडा झाला, त्यानेंच वैऱ्यांतील वैरी नाहींसा होतो.

म्हणून दिसणें हें सर्वस्वीं आपल्या हातीं नसलें, तरी रोज कोणत्या दृष्टीनें पाहण्याचा सराव करावा, हें बरेंचसें आहे. शेजाऱ्याचा चेहरा आपणांस कडू दिसतो, त्यांत आपल्या सरावाचा वाटा किती, एवढा प्रश्न घरबसल्याही विचारतां येतो.